याईराच्या घराकडे

सुधाने गॅस बारीक केला आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. बाहेरच्या खोलीत सुरेशने वाचायला सुरुवात केली होती.

दार लावलं तरी आवाज यायचाच. सुरेश पाटोळे उभं आयुष्य गुजराती मुलखातल्या मराठी शाळेत शिकवत आलेला माणूस. शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असंच तो वाचायचा. खुर्ची खिडकीकडे करायची, चष्मा पुसायचा, आणि काल जिथे थांबला तिथून बायबलचा पुढचा अध्याय. त्यात काही वगळायचं नाही. नुसती नावंच नावं असलेली पानंही तो सोडत नसे. "लिहून ठेवलंय ते वाचायचं," एवढंच त्याचं म्हणणं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून सकाळ अशीच सुरू होत होती. आधी दोघांनी आळीपाळीने वाचायचं, मग लेक शर्वरी अक्षरं लावायला लागल्यावर तिघांनी. शेवटची वचनं शर्वरीची. ती तोंडात ब्रश तशीच घेऊन यायची, दारात उभी राहून वाचायची आणि "आमेन" म्हणता म्हणता बेसिनकडे पळायची. सुरेश रागवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच चालवून घ्यायचा.

आता तो एकटाच वाचत होता. पहिली वचनं, मधली, शेवटची. आवाजात कुठे खळ नाही. सुधा पोळी लाटत राहिली. त्या आवाजाचा तिला आताशा राग यायचा.

शर्वरी गेली ती नवरात्रात. ताप साधा वाटला होता. कॉलेजच्या गरब्याला जायचं म्हणून तिने गोळी घेतली, चनिया-चोळीला इस्त्री केली आणि संध्याकाळी पलंगावर बसली ती उठलीच नाही. डेंग्यू निघाला. हॉस्पिटलमध्ये नेल्यावर रक्ताच्या पिशव्या आणण्यात आणि रिपोर्टची वाट पाहण्यात दिवस कुठे गेले, ते सुधाला नंतर कधी नीट आठवलं नाही. एवढं आठवत होतं, की शेजारच्या प्लॉटवर गरबा चालला होता, काचेतून ढोल ऐकू यायचा, आणि कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून सुरेश प्रार्थना करत होता. "प्रभू, तू ये. तिच्यावर हात ठेव." मोठ्याने, शंका नसलेल्या सुरात. सुधाने त्या सुरावर विश्वास ठेवला होता. डॉक्टर बाहेर आले तेव्हाही ती डॉक्टरांकडे न बघता सुरेशकडेच बघत होती.

दफनभूमीत पाळकसाहेबांनी त्याला विचारलं, काही बोलायचंय का. तो पुढे झाला आणि देवाचे आभार मानले. दिलेल्या वर्षांबद्दल. त्याचा आवाज तिथेही कापला नाही. चर्चच्या मंडळीतल्या बायका सुधाला धरून उभ्या होत्या, त्यांतली एक कानाशी म्हणाली, "सरांचा विश्वास बघा." सुधाने बघितलं. तिला वाटलं, या माणसाला मी ओळखत नाही.

आणि त्याच आठवड्यात गुरुवार आला. घरात अजून नातेवाईक होते, गाद्या पसरलेल्या होत्या. सुरेशने बायबल पिशवीत घातलं, स्कूटरची किल्ली घेतली.

"आजसुद्धा?" तिने विचारलं होतं.

"गुरुवार आहे," तो म्हणाला आणि गेला.

दर गुरुवारी संध्याकाळी तो नवागामला बायबलचा अभ्यास घ्यायचा. सरलाबाईंच्या खोलीवर दहा-बारा माणसं जमायची. खानदेशातून कापडाच्या लूमवर, यंत्रमागावर कामाला आलेली, बहुतेक बायाच. मार्काचं शुभवर्तमान त्याने त्यांच्याबरोबर पहिल्या ओळीपासून धरलं होतं. त्या गुरुवारनंतर त्याने एकही गुरुवार चुकवला नाही. बुधवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पुस्तकं मांडून तो तयारी करायचा. पानं उलटल्याचा आवाज सुधाला आतल्या खोलीत ऐकू यायचा. ती उशीत तोंड खुपसून पडलेली असायची. लेक जाते आणि हा माणूस पाठ काढतो. तिने सकाळच्या प्रार्थनेला बसणं सोडलं. त्याने एकदाही विचारलं नाही, का बसत नाहीस. रविवारी ती चर्चला जायची ती केवळ न गेल्यावर येणारे प्रश्न टाळायला.

"अध्याय झाला," बाहेरून सुरेश म्हणाला. हे तो रोज म्हणायचा. कुणाला, कोण जाणे.

त्या दिवशी गुरुवारच होता. सुरेशचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. आठवड्यापूर्वी शाळेच्या जिन्यात पाय घसरून मनगट मोडलं होतं. संध्याकाळी सुधा बँकेतून आली तेव्हा तो कपडे करून तयार होता. शर्टाची वरची बटणं तशीच राहिली होती.

"रिक्षाने जातो," तो म्हणाला.

ती चहा ठेवायला आत गेली. मग गॅलरीतले कपडे काढताना तिला तो खाली फाटकापाशी दिसला. पिशवीचा पट्टा खांद्यावरून घसरत होता, तो डाव्या हाताने सावरत होता आणि तोच हात रिक्षाला करत होता. भरलेल्या शेअर रिक्षा एकामागून एक निघून जात होत्या. एक थांबली, त्याने पाय आत घातला, प्लास्टर कुणाला तरी लागलं, आणि तो पुन्हा उतरला. रिक्षावाला गुजरातीत काहीतरी म्हणत निघून गेला. सुरेश पट्टा खांद्यावर चढवून पुन्हा तसाच उभा राहिला.

सुधाने गॅस बंद केला आणि स्कूटरची किल्ली घेऊन खाली उतरली.

"बसा," ती म्हणाली.

तो मागे बसला. पर्वत पाटियाच्या चौकात साड्यांचे गठ्ठे लादलेल्या टेम्पोंनी रस्ता अडवला होता. सिग्नलला थांबल्यावर तो म्हणाला, "तू सोडून घरी गेलीस तरी चालेल. येताना सरलाबाईंचा सुपडू सोडेल."

"थांबते."

"बरं."

डिंडोलीच्या पुलावरून खाली उतरल्यावर गल्ल्या अरुंद होत गेल्या आणि लूमची खटखट सुरू झाली. ती आधी पायांना जाणवते, मग कानांना.

सरलाबाईंची खोली पहिल्या मजल्यावर होती, लोखंडी जिन्याने वर जायचं. सरलाबाई माहेरच्या ख्रिस्ती, नवापूरकडच्या. घरी साड्यांना टिकल्या लावायचं काम करायच्या. त्यांचा नवरा सुपडू लूमवर. तो देवीला जाणारा, अभ्यासाला कधी बसत नसे. पण गुरुवारी टीव्ही बंद करून बाहेर जिन्यावर बसायचा आणि आल्या-गेल्याच्या चपला सरळ करून ठेवायचा. सुधाला पाहून तो उठून उभा राहिला.

"या ताई, बठा," सरलाबाई खानदेशी बोलीत म्हणाल्या. त्यांनी सतरंजीवरची टिकल्यांची डबी बाजूला सारली. "तुम्ही आमना घर उनात, बरं वाटनं."

सुधा दारालगत भिंतीशी बसली. बाया जमल्या. दोन माणसं लूमवरची पाळी संपवून आली. त्यांच्या केसांत कापसाची पांढरी धूळ होती. सरलाबाईंची वर्षा दहावीला होती, तिने कोपऱ्यात अभ्यासाची वही मिटली आणि स्वतःचं बायबल घेऊन आईजवळ सरकली. एक गाणं झालं. सुरेशने डाव्या हाताने पुस्तक मांडीवर उघडलं.

मार्क, पाचवा अध्याय. तो वाचू लागला आणि वाचता वाचता समजावून सांगू लागला, वर्गात सांगायचा तसंच. सभास्थानाचा अधिकारी याईर. मोठा माणूस, गावात मान असलेला; पण तो येतो आणि सगळ्यांसमोर येशूच्या पायावर पडतो. माझी लहान मुलगी मरायला टेकलीय, तुम्ही येऊन तिच्यावर हात ठेवा.

सुधाने पदर घट्ट ओढून घेतला. हा अध्याय. आजच हा अध्याय यावा. आणि हा माणूस तो न थांबता वाचतोय.

सुरेश पुढे गेला. येशू निघतो. वाटेत गर्दी. त्या गर्दीत ती बाई, कित्येक वर्षं रक्तस्रावाने पिडलेली. ती मागून येऊन वस्त्राला शिवते. येशू थांबतो, कोण शिवलं म्हणून विचारतो. "आता विचार करा," सुरेश म्हणाला, "याईर शेजारी उभा आहे. त्याची मुलगी घरी शेवटच्या घटका मोजतेय. आणि प्रभू रस्त्यात थांबलाय. एका बाईशी बोलतोय. याईराच्या पोटात काय होत असेल?"

सगळ्या बाया खाली बघत होत्या.

त्याने पुस्तकात पाहिलं. "तो बोलत आहे इतक्यात," त्याने वाचलं, "याईराच्या घरून माणसं आली. ती म्हणाली—"

तो थांबला.

सुधाला वाटलं, चष्मा घसरला असेल. त्याने ओळीवर बोट ठेवलं होतं. बोट तिथेच राहिलं. खालच्या लूमची खटखट जमिनीतून वर येत होती. एका बाईच्या कडेवरचं लेकरू कुरकुरलं, तिने त्याला पदराखाली घेतलं. वर्षाने आपल्या पानावरून डोळे उचलले नाहीत. सुरेशचे ओठ एकदा हलले. मग त्याने पान उलटलं, पुन्हा मागे घेतलं, आणि बराच वेळ गेल्यावर म्हणाला,

"आज इथपर्यंत."

जणू काही झालंच नाही अशा रीतीने सरलाबाईंनी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली.

सुधा उठून बाहेर आली. जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. सुपडू अंग चोरून दोन पायऱ्या खाली उतरला. आतलं "आमेन" ऐकू आलं, मग गाणं सुरू झालं. थोड्या वेळाने सरलाबाई पाण्याचा पेला घेऊन बाहेर आल्या.

"माझ्यामुळे थांबले ते," सुधा म्हणाली. "मी यायला नको होतं. तुमचा पाठ मोडला."

सरलाबाईंनी पेला तिच्या हातात दिला. "नही ताई. तुमनामुळे नही. दिवाळीपासून हाईच चालू शे."

"म्हणजे?"

"दर गुरवारे सर पहिलेपासून वाचतस. तो याईर येस, पाया पडस. मंग ती बाई येस, बरी व्हस. मंग घरना लोके येतस..." सरलाबाईंनी हात हवेत तसाच ठेवला. "तठे थांबतस. पुढे वाचातच नहीत. मंग आम्हीन गानं म्हनतस, आन् घर जातस."

सुधाला आठवली बुधवारची टेबलावरची पुस्तकं, पानांचा आवाज. दिवाळीपासून. आता होळी आली होती.

"ते तयारी करतात," ती म्हणाली. "दर बुधवारी. मला वाटायचं..."

खाली गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग जो प्रश्न इतके महिने तिच्या छातीत अडकला होता, तो तिने या परक्या बाईला विचारला.

"मुलगी गेली त्या आठवड्यात. तो गुरुवार. त्या दिवशी काय शिकवलं त्यांनी?"

सरलाबाई खाली बसलेल्या नवऱ्याकडे बघून बोलल्या. "काईच नही शिकाडं. जिना चढी वर उनात, भितले डोकं लाईसन बसनात, आन् रडनात. आम्हीन बाया, आम्हले काय सुचे ना. मंग यासनी धरी ठेवं त्यासले."

सुपडूने मान वर केली नाही. चपलांची एक जोडी त्याने उचलली आणि पुन्हा होती तिथेच ठेवली.

"मी म्हननू, सर, घर जा. ताई एकली शे. ते म्हने, घर रडनू ते सुधा मोडी जाई. तवापासून दर गुरवारे येतस."

घरात सुधा दार ओढून घेत होती, आणि दाराच्या पलीकडे तो आवाज न कापता वाचत होता. तिला ऐकू जावं म्हणून.

"आणि तुम्ही कुणीच त्यांना म्हणाला नाहीत?" तिने विचारलं. "पुढे वाचा म्हणून?"

"पुढे काय व्हस, ते मालूम शे आम्हले. वर्षानी माले घर वाची दखाडं." सरलाबाईंचा आवाज खाली आला. "घरना लोके सांगतस, पोर मरी गई. तरी येसू तिना घर जास. तिना हात धरस. आन् ती पोर उठस."

त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"ती उठस ना, ताई. मंग आम्हीन कोन्ता तोंडे सरसले सांगानं, पुढे वाचा?"

आतलं गाणं संपलं होतं. कुणी उठत नव्हतं. सुधाने पेला कठड्यावर ठेवला आणि आत गेली.

सुरेश पुस्तक पिशवीत घालायच्या खटपटीत होता. एका हाताने पिशवीचं तोंड उघडं राहत नव्हतं. तिला पाहून त्याने चेहरा ठीक केला. तो कसा ठीक करतो, ते तिने आज पहिल्यांदा पाहिलं.

"निघू या?" तो म्हणाला.

सुधा त्याच्या शेजारी सतरंजीवर बसली. त्याच्या हातातून पुस्तक घेतलं आणि मांडीवर उघडून तो अध्याय काढला.

"सुधा," तो हळू म्हणाला, "राहू दे."

"वाचत नाही."

बाया बघत होत्या. सरलाबाई दारात उभ्या होत्या. सुधाने पानावरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत.

"यात या मुलीचं नाव नाही दिलेलं," ती म्हणाली. "बापाचं आहे. मुलीचं नाही." तिने पुस्तक मिटलं. "आमच्या मुलीचं नाव शर्वरी."

ते नाव तिने कितीतरी दिवसांत उच्चारलं नव्हतं. घरात दोघंही 'तिचं कपाट', 'तिची खोली' असंच म्हणायचे. मंडळीतले लोक 'तुमची लेक' म्हणायचे आणि विषय बदलायचे. ती शेजारी बसलेल्या सुरेशकडे वळली नाही. वळली असती तर तिला पुढे बोलता आलं नसतं.

"कशा होत्या दीदी?" वर्षाने विचारलं, आणि चुकीचं बोलले की काय म्हणून आईकडे पाहिलं.

"बडबडी," सुधा म्हणाली. "घरात आमच्याशी मराठी, फोनवर सगळं गुजराती. ओरडून बोलायची. आंघोळीला गेली की बाहेर यायची नाही. आणि आमच्या गॅलरीत कबुतरं येतात, त्यांचा मला वैताग. सगळी गॅलरी घाण करून ठेवतात. मी हाकलायचे आणि ही माझ्यामागे त्यांना ज्वारी टाकायची. वर त्यांना नावं ठेवलेली. बायबलमधली. हे वाचून घ्यायचे ना तिच्याकडून, ती मोठी मोठी नावं, त्यातलीच."

कुणीतरी हसलं. एक म्हातारी पुढे सरकून बसली.

"एक जाडा होता, त्याला नबुखद्नेस्सर म्हणायची. आणि एक तिचा लाडका. तो दाणे खायला थेट हातावर यायचा. त्याचं नाव यहोशाफाट."

"मफीबोशेथ," सुरेश म्हणाला.

सुधाने त्याच्याकडे पाहिलं.

"यहोशाफाट नव्हे," तो म्हणाला. त्याने चष्मा काढला होता आणि तो डाव्या हातात तसाच धरला होता. बायांना समजावं म्हणून तो सांगू लागला. "मफीबोशेथ म्हणजे दाविदाच्या मित्राचा मुलगा. दोन्ही पायांनी पांगळा. राजाने त्याला आपल्या पंक्तीला बसवलं होतं. ते कबुतर..." त्याचा आवाज घसरला, त्याने तो पुन्हा धरायचा प्रयत्न केला. "त्याचा एक पाय दोऱ्यात अडकून गेला होता. पतंगाच्या. लंगडत यायचं ते. म्हणून तिने..."

बाहेर जिन्यावरून उठून सुपडू दाराशी आला होता. तो आत येऊन भिंतीलगत बसला.

"लंगडत यायचं," सुरेश म्हणाला. आणि मग त्याला बोलता येईना. तो सगळ्यांसमोर, सुधासमोर, प्लास्टरच्या हातावर कपाळ टेकून रडू लागला.

सुधा त्या हाताला जपून त्याच्या जवळ सरकली. आणि शर्वरीचं राहिलेलं तिने सांगितलं.